घर सोडून आरव्हीत राहण्याची तयारी आणि पुढच्या घराचा शोध : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

उंबरठा

सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे गेली अठ्ठावीस वर्षे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एकाच घरात राहत आहोत. माझे यजमान येत्या मार्चमध्ये ६५ वर्षांचे होऊन निवृत्त होतील. मी ५९ वर्षांची आहे आणि जूनमध्ये शाळेचे वर्ष संपले की मीही नोकरी सोडणार आहे. लेक डॅलसजवळ असते, मुलगा सिॲटलला. एवढ्या मोठ्या घरात आता आम्ही दोघेच उरलो आहोत, मालमत्ता कर वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला आहे आणि दर हिवाळ्यात बर्फ उपसताना यजमानांची पाठ धरते. हे घर सोडायचे, एवढे पक्के ठरले आहे. कुठे जायचे, ते मात्र ठरत नाही.

गेल्या तीन वर्षांत आम्ही चार-चार दिवसांच्या फेऱ्या मारून बरीच गावे पाहिली. प्रत्येक ठिकाणी कोणा ना कोणा स्नेह्यांकडे उतरलो, त्यांनी हौसेने गाव दाखवले, देवळात नेले, आग्रह करून जेवू घातले, आणि परतताना दर वेळी 'हेच गाव बरे' असे वाटले. पाहुण्याला गाव कळत नाही, हे त्यातून उमगले. म्हणून असा विचार केला आहे की एक आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घ्यावी, वर्ष-सव्वा वर्ष तिच्यात राहावे, आणि डॅलसच्या उत्तरेचा प्लेनो-फ्रिस्को भाग, नॉर्थ कॅरोलिनातले केरी-मॉरिसव्हिल, फ्लोरिडातले टॅम्पा आणि ॲरिझोनातले चँडलर अशा चार ठिकाणी प्रत्येकी सहा आठवडे तरी रोजच्यासारखे राहून पाहावे. तिथलाच किराणा आणावा, तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसावे, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला हजेरी लावावी, सकाळी फिरायला निघाल्यावर कोणी ओळख देते का ते बघावे. नोकरीच्या धबडग्यात राहून गेलेली राष्ट्रीय उद्यानेही मधल्या प्रवासात होतील.

आरव्ही आम्ही आजवर दोनदाच, तीही आठवडाभरासाठी, भाड्याने घेतली आहे. त्यामुळे कोणती गाडी घ्यावी येथपासूनच आमची सुरुवात आहे. त्याहून अधिक घोर लागला आहे तो घर विकल्यावर आमचा पत्ता काय असेल, यजमानांचा मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांनंतरचा सरकारी आरोग्यविमा, आणि माझा खासगी विमा राज्याबाहेर कितपत चालेल, आणि गाव पारखायचे म्हणजे नेमके काय पारखायचे, याचा. ज्यांनी हे केले आहे, किंवा करून सोडून दिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आडवाट

उंबरठाताई, माझी पत्नी आणि मी चार वर्षांपासून पूर्ण वेळ आरव्हीत राहत आहोत, म्हणून गाडीपुरते लिहितो.

तुम्ही एकेका गावात सहा आठवडे थांबणार आणि तिथून रोज घरे बघायला बाहेर पडणार. म्हणजे राहण्याची गाडी एका जागी उभी राहील आणि फिरायला वेगळी छोटी गाडी लागेल, हे आधी गृहीत धरा. त्यासाठी एक तर पिकअप ट्रकमागे ओढायचा ट्रेलर घ्यावा, नाही तर २५-२८ फुटांची क्लास-सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, मोटरहोम घेऊन तिच्यामागे लहान कार जोडावी. चारही चाके जमिनीवर ठेवून ओढायला प्रत्येक कार चालत नाही, गिअरबॉक्स निकामी होतो. आपल्या कारच्या पुस्तिकेत तशी परवानगी लिहिलेली आहे का, ते आधी वाचा. लांबीचा मोह टाळा. राष्ट्रीय उद्यानांतले कितीतरी कॅम्पग्राउंड १९३०च्या दशकात त्या काळच्या गाड्यांच्या मापाने बांधलेले आहेत, आणि ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटभागात तर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला प्रवेशच नाही. तिथे मागची छोटी कारच कामी येते. तुमच्या यजमानांनी वयाची ६२ वर्षे ओलांडली असल्यामुळे त्यांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळेल. गाडीतल्या सर्वांचा प्रवेश त्यात येतो आणि सरकारी कॅम्पग्राउंडच्या पुष्कळ ठिकाणी भाडे निम्मे होते.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे वजन. विक्रेता गाडी दाखवताना सोफा, टीव्ही आणि ओटा दाखवतो. तुम्ही आधी दाराजवळचे लेबल वाचा. या आकाराच्या अनेक मोटरहोम फोर्ड ई-४५० सांगाड्यावर बांधतात आणि त्यांचे कमाल एकूण वजन १४,५०० पौंड ठरलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केल्यावर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील, तो आकडा लेबलवर छापलेला असतो. पाणीही त्याच हिशेबात धरायचे असते आणि मागच्या गाडीचा हुकावर येणारा भारही. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. त्यात तुम्ही दोघे मिळवा, आणि उरलेल्यात संसार बसवा.

आम्ही निघण्याआधी गॅरेजच्या जमिनीवर न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला होता. पत्नी एकेक वस्तू त्यावर ठेवी आणि मी खडूने भिंतीवर आकडा लिहीत असे. स्टीलच्या डब्यांचा संच भरून ठेवला तर २६ पौंड भरला, दिवाळी अंकांचे एक खोके ३८ पौंड. त्या भिंतीवरची बेरीज पाहून आम्ही डबे प्लॅस्टिकचे घेतले आणि अंकांची खोकी भावाकडे पोहोचवली. सगळे भरून झाल्यावर महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर गाडी तोलकाट्यावर घाला. पुढच्या आणि मागच्या आसाचे (ॲक्सलचे) वजन तिथे वेगवेगळे मिळते, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर गेला आहे असे पुष्कळांच्या बाबतीत निघते. टायर घाटात फुटतो तो यामुळे.

जुनी गाडी घेताना टायरच्या कडेवर कोरलेले चार अंक बघा. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलावाच लागतो. आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, पलंगाच्या डोक्याशी, कपाटाच्या आतल्या बाजूने भिंत अंगठ्याने दाबून पाहा. भिंत मऊ लागली तर आत पाणी मुरले आहे, आणि तशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

जमाखर्च

व्यवसायाने मी कर-सल्लागार आहे. प्रत्येकाची परिस्थिती निराळी असल्यामुळे अंतिम निर्णय आपल्या सल्लागाराला विचारूनच घ्यावा. तरीही तुमच्या प्रश्नात गाडीपेक्षा पत्ता अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की घर आत्ताच विकले पाहिजे असे नाही. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे जे घर तुमचे स्वतःचे राहते घर होते, त्याच्या नफ्यातले पाच लाख डॉलरपर्यंत पती-पत्नींना मिळून केंद्रीय करातून वगळता येतात. याचा अर्थ, घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत ते विकले तरी ही सवलत टिकते. तुमचा शोध सव्वा वर्षाचा आहे, तेव्हा मुदत पुरेशी आहे. मधल्या काळात घर भाड्याने दिले तर घसाऱ्याची, म्हणजे घराच्या झिजेपोटी वजा मिळणारी, रक्कम मात्र विक्रीच्या वेळी करपात्र होते. शिवाय न्यू जर्सीत करार संपला एवढ्या कारणाने भाडेकरूला घर सोडायला लावता येत नाही, कायद्याने मान्य केलेले कारण असावे लागते. म्हणून भाडेकरार वकिलाकडूनच करून घ्यावा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अठ्ठावीस वर्षांत स्वयंपाकघर नवे केले असेल, छप्पर बदलले असेल, तळघर बांधून घेतले असेल. त्या खर्चाच्या पावत्या घराच्या मूळ किमतीत मिळवता येतात आणि तेवढा नफा कमी होतो. घर आवरताना लोक नेमकी हीच खोकी कचऱ्यात टाकतात. ती आधी माझ्यासारख्या माणसासमोर ठेवा, मग टाका.

न्यू जर्सीच्या 'एक्झिट टॅक्स'ची धास्ती पुष्कळांना असते. तो वेगळा कर नाही. राज्याबाहेरचा रहिवासी झालेल्या विक्रेत्याकडून सरकार विक्रीच्या वेळीच अंदाजे आयकर आगाऊ भरून घेते, आणि तो वर्षाच्या विवरणपत्रात वळता होतो. जे घर विक्रीच्या वेळी तुमचे मुख्य राहते घर असेल त्याला या आगाऊ भरण्यातून सूट मागण्याची सोय आहे.

आता पत्ता. केवळ न्यू जर्सी सोडली म्हणून तिथले रहिवासीपण संपत नाही. दुसरीकडे कायमचे ठिकाण केल्यावरच ते संपते. पूर्ण वेळ आरव्हीत राहणारे बहुसंख्य लोक टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एक राज्य निवडतात, कारण तिन्ही ठिकाणी राज्याचा आयकर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे जुन्या आहेत. १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'एस्केपीज' या संस्थेचे मुख्य ठाणे टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला आहे, आणि हजारो सभासदांचा पत्ता आज तोच आहे. पण तुमची लेक डॅलसजवळ आहे. तिची तयारी असेल तर तिच्या घराचा पत्ता घेणे केव्हाही चांगले, कारण टपालसेवेचा पत्ता निवासी पत्ता म्हणून स्वीकारायला बँका वारंवार नकार देतात आणि वाहनपरवान्यासाठीही निवासाचे पुरावे लागतात. पत्ता घेतला की वाहनपरवाना, गाडीची नोंदणी, मतदारनोंदणी, मृत्युपत्र आणि विमा हे सगळे त्याच राज्यात न्यावे. अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे ठेवल्यास दोन राज्ये तुमच्यावर हक्क सांगू शकतात. आरव्हीचा विमाही 'पूर्ण वेळ निवासाचा' घ्यावा. सुटीपुरत्या वापराचा विमा असताना त्यात कायम राहणारे आढळले तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

उंबरठा

आडवाट आणि जमाखर्च, आपण दोघांनीही इतका वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. पावत्यांचे खोके काल रात्रीच माळ्यावरून खाली काढले. २००६ मध्ये बदललेल्या छपराची पावती यजमानांच्या अक्षरातल्या टिपणासह मिळाली. घर लगेच विकावे लागणार नाही, हे वाचून माझ्यावरचे किती ओझे उतरले, ते शब्दांत सांगता येत नाही. आजवर आम्ही दोघेही 'आधी विकू, मग निघू' हाच क्रम धरून बसलो होतो आणि त्यावरून आमच्यात बोलाचालीही झाली होती.

सांजवात

मी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात वीस वर्षे काढली आहेत, म्हणून विम्याचे लिहिते. उंबरठाताई, तुमच्या दोघांचे प्रश्न निरनिराळे आहेत आणि ते निरनिराळेच सोडवायला हवेत.

यजमानांना मूळ मेडिकेअर घेता येईल, आणि ते देशात कुठेही, मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. त्याच्या जोडीला पूरक विमा, म्हणजे मेडिगॅप, घ्यायचा असेल तर ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर पार्ट-बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू होते त्या दिवसापासूनचे सहा महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळा. त्या मुदतीत कंपनीला जुन्या आजारावरून नकार देता येत नाही. मुदत गेल्यावर बहुतेक राज्यांत तो देता येतो. जाहिरातींतल्या ॲडव्हांटेज योजना, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपन्या देतात त्या, वरवर स्वस्त दिसतात, पण त्यांचे डॉक्टर एकेका भागापुरते बांधलेले असतात, आणि वर्षभर फिरणाऱ्याला ते गैरसोयीचे आहे.

खरी अडचण तुमची आहे, कारण तुम्हाला मेडिकेअर मिळायला सहा वर्षे आहेत. मार्केटप्लेसवरची, म्हणजे सरकारी विमाबाजारातली, योजना तुमच्या पत्त्याच्या राज्यातली आणि काउंटीतली मिळते, आणि त्या भागाबाहेर बऱ्याच योजना फक्त तातडीचे उपचार देतात. म्हणून लेकीचा पत्ता घेण्याआधी त्या काउंटीत तुमच्या वयाला कोणत्या योजना मिळतात आणि हप्ता किती पडतो, ते पाहून घ्या. शाळेतून निवृत्तीनंतर आरोग्यविमा चालू ठेवण्याची सोय तुमच्या सेवाकाळाला लागू होते का, हे नोकरी सोडण्याआधी लेखी विचारा. एकदा राजीनामा दिल्यावर विचारून उपयोग होत नाही.

आणखी एक. दोघांनीही वैद्यकीय निर्णयांचा अधिकार एकमेकांना आणि नंतर लेकीला देणारे कागद करून ठेवावेत आणि त्यांची प्रत गाडीतच ठेवावी. परगावच्या रुग्णालयात मध्यरात्री पोहोचलेल्या माणसाकडे हे कागद नसले की घरच्यांची काय तारांबळ उडते, ते मी फार वेळा पाहिले आहे.

परतवारी

मी दुसरी बाजू लिहितो. आम्ही असाच बेत करून निघालो होतो आणि सात महिन्यांनी थांबलो. कोणाला परावृत्त करण्याचा हेतू नाही, पण जे आम्हाला कोणी सांगितले नाही ते सांगितले पाहिजे.

आम्ही घर विकून, सामान मिळेल त्या भावाने देऊन निघालो. तिसऱ्या महिन्यात स्लाइड-आउटच्या, म्हणजे गाडी उभी केल्यावर बाहेर सरकवायच्या खोलीच्या भागाच्या, वरच्या फटीतून पाणी आत येऊ लागले. गाडी नवी होती, त्यामुळे दुरुस्ती फुकट होती, पण कार्यशाळेत तिचा क्रमांक लागून काम होईपर्यंत पाच आठवडे गेले. राहते घरच कार्यशाळेत गेल्यावर माणसे राहणार कुठे? आम्ही अकरा दिवस हॉटेलात काढले आणि पुढे स्नेह्यांच्या तळघरात राहिलो. पत्नीची शिवणाची यंत्रे, औषधे आणि माझा संगणक कार्यशाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत अडकले होते आणि प्रत्येक वस्तूसाठी आधी वेळ मागून घ्यावी लागे. त्या पाच आठवड्यांत आम्हाला बेघर असल्यासारखे वाटले, आणि त्यातून पत्नीचे मन उतरले ते पुन्हा गाडीत रमले नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. मोठ्या घरात दोन माणसांचे मतभेद झाले तर एक जण दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आरव्हीत ती खोली नसते. आमचा चाळीस वर्षांचा संसार चांगला झालेला आहे, तरीही पावसाचे सलग चार दिवस आत बसून काढताना आम्ही एकमेकांना नको ते बोललो. तुम्ही दोघांनी आधी दोन-तीन आठवडे सलग, जवळच्याच कॅम्पग्राउंडवर, पावसापाण्यासकट राहून पाहावे, आणि त्या काळात घरी एकदाही जाऊ नये.

तिसरे म्हणजे गाडी चालवणे, मागे घेणे, वीज-पाणी जोडणे आणि मैलापाण्याची टाकी रिकामी करणे ही चारही कामे ताई, तुम्हाला स्वतःला आली पाहिजेत. माझ्या खांद्याला दुखापत झाली तेव्हा पत्नीला यातले काहीच येत नव्हते. ती चूक माझी, कारण मीच तिला कधी शिकवले नाही.

कढीलिंब

परतवारी, आपण इतक्या मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल आदर वाटतो.

स्वयंपाकाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. कॅम्पग्राउंडवरची ३० ॲम्पिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी, इंडक्शन आणि मिक्सर एकदम लावले की खटका पडतो, तेव्हा वाटण आधी करून घ्यायचे आणि एसी काही मिनिटे बंद ठेवायचा. विजेची जोडणी करण्याआधी संरक्षक उपकरण लावून खांबावरची वीज नीट आहे का ते बघायला विसरू नका. फोडणी शक्यतो बाहेर, छोट्या शेगडीवर करावी. आत केली तर धूरसूचक वाजतो आणि मोहरीचा वास आठवडाभर पडद्यांतून जात नाही. गॅसगळतीचा सूचक जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. त्याच्यासमोर तांदळाचे पोते ठेवू नये. उंच प्रदेशात कुकरला पर्याय नाही. सात हजार फुटांवर उघड्या भांड्यातली तुरीची डाळ शिजायला फार वेळ लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. तुमच्याकडे कढीपत्त्याची कुंडी असेलच. ती बरोबर घेऊन फिरू नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी सायलिड ही कीड कढीपत्त्यावर वाढते, म्हणून फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया या भागांतून तो बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर तर शेतीखात्याचे तपासणी नाके आहेत. मी बारा वर्षे वाढवलेले झाड निघण्याआधी शेजारणीला दिले. अवघड गेले, पण फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा या रोगाने कशा उजाड झाल्या ते नंतर डोळ्यांनी पाहिले.

तिठा

आम्ही दोन वर्षांपूर्वी अशाच भटकंतीनंतर केरीत स्थिरावलो. गाव कसे पारखावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

गाव त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावे. बहुतेक लोक फीनिक्स जानेवारीत पाहतात आणि भुलतात. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्यावर होता. चँडलर आणि ते एकाच खोऱ्यात आहेत. तुम्ही जुलैत तिथे जा, मात्र आरव्हीत राहू नका, कारण पातळ भिंतींच्या गाडीत बसून गावाचा न्याय होणार नाही. दोन आठवडे भाड्याची खोली घ्या. टॅम्पा सप्टेंबरमध्ये पाहा, जेव्हा वादळांचा जोर असतो आणि सगळे शेजारी हवामानाच्या बातम्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. डॅलस ऑगस्टमध्ये पाहा, आणि वसंतात तिथे गारपीट होते हे ध्यानात ठेवून घराच्या छपराचे वय विचारा. केरीत आम्हाला सर्वांत जड गेला तो मार्च-एप्रिल. पाइन वृक्षांचे पिवळे पराग गाड्यांवर, ओसरीवर, खिडक्यांच्या कडांवर थराने बसतात. माझ्या पत्नीला दमा आहे, म्हणून आम्ही मुद्दाम त्याच सहा आठवड्यांत येऊन राहिलो. तिला ते सोसले, तेव्हाच घरे पाहायला सुरुवात केली.

आरव्ही पार्कचे भाडे महिन्याच्या हिशेबाने घेतले तर बरेच कमी पडते, फक्त वीज बहुधा वेगळी मोजतात. एखादे घर मनात भरले की किंमत बोलण्याआधी त्याच पत्त्यावर घरविम्याचा भाव काढा. फ्लोरिडात कितीतरी जणांचे गणित तिथेच फिसकटते. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर चढा आहे. ६५ वर्षांवरील घरमालकाच्या राहत्या घरावरचा शाळांसाठीचा कर गोठवला जातो, तेव्हा तुमच्या यजमानांच्या वयाचा तिथे फायदा आहे. कित्येक वसाहतींच्या नियमांत घरासमोर आरव्ही उभी करायला बंदी असते. प्रवास पुढेही चालू ठेवायचा असेल तर ती नियमावली आधी मागून वाचा.

मुलांचे गाव हा मोठा ओढा असतो आणि तो असावाच. पण आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने मुलाच्या शेजारी घर घेतले आणि दीड वर्षात मुलाची बदली झाली. म्हणून आम्ही एक कसोटी ठेवली होती. मुले इथे नसती तरी मंगळवारी दुपारी आपण या गावात काय केले असते? केरीत त्याचे उत्तर होते. ग्रंथालय पायी जाण्याजोगे होते, मॉरिसव्हिलचे देऊळ दहा मिनिटांवर होते, आणि तिसऱ्या आठवड्यात भाजीच्या दुकानातली एक बाई पत्नीला 'आज मेथी चांगली आली आहे' म्हणाली. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा 'आपण इथे राहू' असे बोललो.

उंबरठा (तीन महिन्यांनंतर)

सर्वांना पुन्हा नमस्कार. आपण दिलेल्या वेळेचे काय झाले, ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

घर विकायचे नाही, वकिलाकडून करार करून दीड वर्ष भाड्याने द्यायचे, असे ठरले आहे. यजमानांनी पार्ट-बीबरोबरच मेडिगॅप घेतला. मी शाळेत लेखी विचारणा केली, तेव्हा माझी पंचवीस वर्षांची सेवा पूर्ण व्हायला सात महिने कमी पडतात आणि ती पूर्ण केली तर निवृत्तीनंतरच्या विम्यात फरक पडतो, असे कळले. म्हणून मी जूनऐवजी पुढच्या जानेवारीअखेरीपर्यंत काम करणार आहे. सांजवात, आपण लिहिले नसते तर मी जूनमध्येच राजीनामा दिला असता.

तीन वर्षांची जुनी, २५ फुटी क्लास-सी घेतली. आधी पाहिलेल्या दोन गाड्या अंगठा दाबून पाहिल्यावर सोडून दिल्या. दुसऱ्या गाडीच्या पलंगाखाली तर बोट रुतले. परतवारींच्या सल्ल्याप्रमाणे सुटीत घरापासून चाळीस मैलांवर सतरा दिवस राहिलो, त्यातले पाच दिवस पाऊस होता. भांडलो. मग असे ठरवले की ज्याला एकांत हवा असेल त्याने पुढच्या आसनावर, रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आणि तो तिथे असेपर्यंत दुसऱ्याने हाक मारायची नाही. हे पाळता आले. गाडी मागे घेणे मला अजून धड जमत नाही, उजवीकडून वळताना मागचा भाग किती बाहेर जातो त्याचा अंदाज चुकतो. दर रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या आवारात शंकू मांडून सराव करते. बाकी तिन्ही कामे येऊ लागली आहेत.

निघणे लांबल्यामुळे क्रम बदलला. मार्चमध्ये केरी, पराग असतानाच. मग उद्याने पाहत पश्चिमेकडे, जुलैत दोन आठवडे चँडलरला भाड्याच्या खोलीत, ऑगस्टमध्ये लेकीकडे न उतरता तिच्यापासून वीस मिनिटांवरच्या आरव्ही पार्कमध्ये, आणि सप्टेंबरमध्ये टॅम्पा. लेकीला वेगळे राहण्याचे आधी वाईट वाटले. तिला सांगितले की तुझ्याकडे राहिलो तर आम्ही पुन्हा पाहुणेच होऊ.

गॅरेजच्या भिंतीवर खडूची बेरीज रोज वाढते आहे. सासूबाईंचा शिसवी देव्हारा ३१ पौंड भरला. तो लेकीकडे जाईल, आणि आमच्याबरोबर ताम्हन, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण एवढेच येतील. तिन्ही मिळून तीन पौंडांच्या आत आहेत. येत्या शनिवारी सगळे भरून, टाकीत पाणी घेऊन, पहिल्यांदा ट्रक थांब्याच्या तोलकाट्यावर जाणार आहोत. आकडा आला की इथे लिहीन. मागचा आस जड निघाला तर काय पुढे हलवावे, हे आडवाट यांनी सांगावे.